दोन बोटं माया

कुतैसीत, रिओनी नदीच्या अलीकडच्या काठाला,
जुन्या चहाच्या गोदामाखाली एक तळघर आहे.
पायऱ्या अकरा. बारावी कुणीतरी उचलून नेली.
तिथं लामारा बायकांना लोखंड उचलायला शिकवते,
मंगळवारी, शुक्रवारी, हीटर चालू असेल तर.

मी शिंपीण. नाझिब्रोला. वय एक्केचाळीस.
निम्म्या गावातल्या बायकांचे दंड मला पाठ आहेत.
कुणाचा डावा उजव्याहून जाड,
कोण टेप लागताच पोट आत ओढून धरतं
आणि मग झगा शिवून झाल्यावर मलाच बोल लावतं.

पहिल्या दिवशी आम्ही पाचजणी भिंतीला टेकून उभ्या,
त्या दांड्याकडे बघत,
परक्या घरातल्या कुत्र्याकडे बघावं तसं.
मेदिकोनं पर्समधून स्वतःचं डंबेल काढलं,
गुलाबी, अर्ध्या किलोचं. म्हणाली, मला फक्त बारीक व्हायचंय.
त्सियाला म्हणाली, सोडून दिलं की सगळ्याची चरबी होते ना?
आणि मी विचारलं तेच, जे सगळ्या विचारतात:
दंड पुरुषासारखे होतील का?
धुतल्यावर कापड किती आटेल, असं गिऱ्हाईक विचारतं
अगदी त्या आवाजात.

लामारा सूर्यफुलाच्या बिया सोलत होती.
"वीस वर्षं झटले मी या दंडांसाठी," ती म्हणाली,
"अंडी मोजून, झोप मोजून, रडून.
तुम्हाला ते चुकून येतील होय?
चुकून कुणाच्या अंगणात द्राक्षमळा लागलाय?"
मग टरफलं झटकून: "चला, गुडघे वाकवा."

जिन्यात वेनेरानं गाठलं.
"नवरा पोलंडहून येईल तेव्हा ओळखणार नाही तुला."
म्हटलं, मलाही त्याला ओळखायला
दर वेळी दोन दिवस लागतातच.

दर रविवारी कपाटाच्या दाराला आतून
शिवणखडूनं आकडा लिहायचे.
एकोणतीस. एकोणतीस. एकोणतीस.
ईस्टरला तीस, पण तो चीजचा पाव असणार.
पुन्हा एकोणतीस.
टेप खोटं बोलत नाही,
बोलत असती तर माझा धंदा जास्त चालला असता.

नोव्हेंबरात एका दुपारी वीज गेली.
माझं बिडाचं मशीन भिंतीशी, अंधारात.
खिडकी चार पावलांवर.
तीन वर्षं मी उजेडापासून चार पावलं लांब शिवत होते,
कुणी दोघं पुरुष येतील, सरकवून देतील म्हणून.
गुडघे वाकवले. पाठ सरळ. श्वास धरला.
ते उठलं.
एक पाऊल, मग टेकवलं, मग पुन्हा.
खिडकीत ठेवल्यावर
मी बराच वेळ काहीच शिवलं नाही,
चाकावर पडलेलं ऊन बघत बसले.

त्या रविवारी टेप लावली. तीस.
वर्षभरात एक सेंटिमीटर.
आणि मी रुसले. खरंच.
गल्लीभर चोर फिरून जावा
आणि आपल्या दाराकडे त्यानं बघूही नये,
तसं वाटलं.

आता त्सियालाच्या मुलीच्या लग्नासाठी
स्वतःला गर्द हिरवा झगा बेततेय.
बाही मनगटापर्यंत घेणार होते, झाकायला.
कात्री कोपराच्या बरीच वर थांबली,
मी थांबवली असं म्हणवत नाही.

गिऱ्हाइकांच्या शिवणीत मी नेहमी माया ठेवते:
पोट सुटेल, मूल होईल, दिवस पालटतील.
स्वतःच्या कपड्यात कधी ठेवली नव्हती,
उगाच कापड वाया.
आज दोन्ही दंडांपाशी
दोन दोन बोटं ठेवली.

बाहेरून काही कळत नाही.
आत दुमडलेली आहे.